वाऱ्याचं कोणी लिहिलं नाही

पौर्णिमा आमच्या मुरबाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. किन्हवलीहून एसटीनं येते, नखांत कायम माती. खोटं कशाला बोलू, तिचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. मराठी शिकवते मी, आणि सगळ्या शाखांच्या मुलांना लिहायला शिकवायचा नवा वर्ग दिला तिला! "सरिताबाई, त्यांना जमलं नाही तर तुम्हीच आहात," असं प्राचार्य म्हणाले. मी वाटच बघत होते.

तिच्या वर्गात निबंध नाही, सुविचार नाही. म्हणे, भाताचा राब, म्हणजे रोपं करायची जमीन, पेरणीआधी कसा भाजायचा ते लिहा, आणि ज्यानं तो कधी बघितला नाही त्यानं फक्त वाचून तो भाजायचा. अगं बाई! हे काय लिहिणं झालं?

धसईच्या सोनालीनं लिहिलं. शेण पसरा, वर पाला, वर गवत, वर माती, पेटवा. राब कधी न बघितलेल्या, आटगाव स्टेशनजवळच्या कॉमर्सच्या पोरांनी कॉलेजमागच्या तुकड्यात तसंच केलं आणि वारा येत होता त्याच बाजूनं काडी लावली. भडका उडाला. राब वाऱ्याच्या उलट दिशेनं सावकाश धुमसला तरच जमीन भाजते, इथं गवत भुर्रकन जळून गेलं आणि कुंपणही करपलं. बरी जिरली, म्हटलं!

"वाऱ्याचं लिवलंच नाय तू," पोरं ओरडली.

"ते काय लिवायचं? समद्यांना ठावं असतं!" सोनाली म्हणाली.

"यांना नव्हतं ना गो?" पौर्णिमा हसून म्हणाली. पोरगी तिथंच मातीत बसली आणि सगळं नव्यानं लिहू लागली. ते हसणं मला सोसवेना. मी सरळ प्राचार्यांकडे गेले आणि आगीचं तिखटमीठ लावून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात वर्ग माझ्याकडे आला. नवी साडी नेसून गेले. फळ्यावर विषय लिहिला, 'माझा गाव'. सोनालीनं हात वर केला.

"मॅडम, ह्ये वाचणार कोण?"

"मी वाचणार."

"तुमाला तर आमचा गाव ठावं हाय. मग काय सांगू?"

मी रागानं वर्गाकडे बघितलं. सगळी पोरं माना वळवून दाराकडे बघत होती, पौर्णिमा कधी येते म्हणून.