भात परतणारी बाहुली

आमच्या गल्लीच्या टोकाला भाताची गिरणी होती, तिथे मी कामाला होतो. भात उकडायचं, खळ्यावर पसरायचं, वाळलं की भरडायला आत न्यायचं. खळ्याला आम्ही इथे कळम म्हणतो. लहानपणी शाळेत घातलं होतं मला, नाही असं नाही. पण गिरणी वाटेत लागायची, त्यामुळे शाळा काही कधी आली नाही. म्हणून हे मी बोलतोय आणि सून लिहितेय. ती पुण्याची. आम्हा तंजावूरकरांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, सासरा जुन्या नाटकातलं काहीतरी म्हणून दाखवतोय. लाजून टाळ्या वाजवल्या होत्या तिने.

मग गिरणी बंद पडली. शहराबाहेर नव्या गिरण्या झाल्या, तिथे भात वाळवायलासुद्धा यंत्र. गल्लीतले रेशमाचे माग एकेक करून गप्प झाले. मी एका दुकानावर राखणदार म्हणून लागलो. चोराने कधी त्रास दिला नाही, पण सकाळी मालकाला शटर उघडायचं तर आधी मला हलवून जागं करावं लागायचं. ती नोकरी पोंगलच्या सणातल्या उसासारखी संपली, गोड होती तोवर.

सून मात्र गप्प बसणारी नव्हे. तंजावूरच्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या करायला ती गल्लीतच शिकली. मग बंद गिरणीचं कळम मागायला मालकिणीकडे गेली. म्हातारीला आम्ही सगळे अम्मा म्हणतो. अम्मा म्हणाली, "झाडून घ्या आणि वापरा." झालं. ज्या बायका कळमवर भात परतायच्या त्याच आता तिथे बसून कागदाचा लगदा मळायला लागल्या. बाहुल्या त्याच उन्हात वाळायच्या. संध्याकाळी पोरं गाणं शिकायची, एक विणकर ढोलकं घेऊन यायचा. माग वाजत नाही तर हे तरी वाजू दे म्हणायचा. पोंगलला सगळ्यांनी मिळून नाटकाचा एक खेळ करायचंही ठरलं.

आणि मग बातमी आली की जागेला गिऱ्हाईक आलंय. लग्नाचा हॉल बांधणार. अम्मा सुनेला म्हणाली, "पोंगल होऊ दे. आधी तुमचा खेळ बघते, मग काय ते सांगते."

सुनेची झोपच गेली. बाहुलीला ऊन लागतं, मोकळी जागा लागते. आमच्या गल्लीत घरं अशी की आतला माणूस शिंकला तर शेजारी तोंड पुसतो. कळम गेलं की बाहुल्याही गेल्या आणि त्या बायकांचं कामही.

खेळ बसवायला लागले. मला शिपायाचं काम दिलं, एकच वाक्य होतं. तालमीत मी शिपायाचं सोडून राजाचंच वाक्य म्हटलं आणि राजा हात जोडून उभा राहिला. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही बाहुली व्हा. बोलायचं नाही, चालायचं नाही. फक्त मान हलवायची."

बायको म्हणाली, "लग्नापासून तेच करतायत. जमेल."

बांबूचा नि कागदाचा भलामोठा घागरा केला. डोक्यावर कागदाचंच डोकं, डोळ्यांना दोन भोकं. आत गेलो की खालचं काही दिसायचं नाही, स्वतःचं पोटसुद्धा नाही, म्हणजे बघा.

खेळाच्या दिवशी बायको सकाळपासून कळमवर बसली होती. भाताचे दाणे मांडून तिने मोठं कोलम, म्हणजे रांगोळी, काढलं, मधोमध पिसारा फुलवलेला मोर. बघणारे चपला लांब काढून येत होते. मला त्या मोराच्या पाठीवर नेऊन उभं केलं. पुढच्या खुर्चीत अम्मा.

आता, गिरणीत बॉयलरपाशी एक रुळाचा तुकडा टांगलेला असायचा. मेस्त्री त्यावर ठणकन हाणायचा. त्याचा अर्थ, भात परता. तो वाजला की आम्ही सगळे अनवाणी उतरायचो आणि पाय घासत, ओळी पाडत कळमभर फिरायचो. सुनेला तो तुकडा अडगळीत सापडला. खेळाची घंटा म्हणून तिने तो टांगला. मीच चिंचेने घासून लखलखीत करून दिला होता. कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. माझ्या तर नाहीच, तिथे जागा कुठे.

ठण्ण वाजलं.

माझ्या पायाखाली भात होतं. पाय निघाले.

मी आत मान हलवतोय, खूश आहे, सगळं बरोबर चाललंय असं मला वाटतंय. बाहेर बाहुली पिसाऱ्यातून ओळ पाडत निघालीय. बायको ओरडत होती म्हणे, "अहो, मोर, मोर." कागदाच्या डोक्यात मला ते ऐकूच आलं नाही. टोकाला जाऊन मी सवयीने वळलो आणि दुसरी ओळ धरली.

मग माझ्याबरोबर काम केलेली एक म्हातारी बायकांतून उठली. "ए, वाकडा चाललायस. तेव्हाही वाकडाच चालायचास." लुगडं खोचून ती उतरली आणि माझ्या शेजारी सरळ ओळ पाडून दाखवायला लागली. मग दुसरी उतरली, तिसरी उतरली. ढोलकंवाल्याला आमच्या पायांचा ताल सापडला. राजा, शिपाई सगळे मागे लागले. नाटक कुठल्या कुठे गेलं.

सून डोकं धरून पायरीवर बसली. नंतर मला म्हणाली, "मला वाटलं, संपलं."

तेवढ्यात अम्मा खुर्चीतून उठली. सगळे थांबले. ती काठी टेकत कळमच्या कोपऱ्याशी आली आणि कागदाच्या डोक्यावर काठीने टकटक केलं. आतून मी म्हटलं, "कोण?"

"कोपरा राहिला," अम्मा म्हणाली. "तिथलं भात ओलं राहील. रोज सांगायचे."

आणि चप्पल काढून तिने स्वतः कोपरा परतला. हळूहळू, सुनेचा हात धरून. परतून झाल्यावर तिथेच उभ्या उभ्या म्हणाली, "हॉलवाले फरशी बसवायला हे खणून काढतील. नको. तुमच्या बाहुल्या वाळू देत इथे." मग माझ्याकडे काठी दाखवून, "हाही."

आता दर खेळ भात परतूनच सुरू होतो. लोक त्यासाठीच लवकर येतात, चपला काढून स्वतःच उतरतात. मी अजून वाकडाच चालतो, म्हातारी अजून शिव्या देते.

बायको मात्र आता मोर काढत नाही. भाताचे दाणे मांडून ती मधोमध माझं तोंड काढते, कानांसकट, आणि म्हणते, "हं, जा. तुडवा."