लिंबावरून गेलेली बेकरीची व्हॅन

दयानंद माझा जुना विद्यार्थी. लातुरात एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि घरी तळहातावर मावतील अशा तीनचाकी व्हॅन जमवतो. पुढे एक चाक, मागे दोन, नाक निमुळतं. साठेक वर्षांपूर्वी इंग्लंडात पाववाले, दूधवाले, रंगारी असल्या गाड्या चालवायचे. त्यांच्या या धातूच्या हुबेहूब प्रतिकृती. घरी येणारा हटकून विचारतो, "दयानंदभाऊ, ह्या टमटमात मुरुडला किती शिटा बसत्यात?" तो दर वेळी चिडतो आणि दर वेळी समजावून सांगायला बसतो.

संचातली निळी, दूधवाल्याची व्हॅन तेवढी त्याच्याकडे नव्हती. ती होती असल्याच गाड्या जमवणाऱ्या नांदेडच्या अमृतरावांकडे. बेकरीच्या मात्र दयानंदकडे दोन होत्या, त्यातली एक अगदी कोरी. वर्षभर मनधरणी केल्यावर अमृतराव अदलाबदलीला तयार झाले. अट एकच: बेकरीच्या व्हॅनवर ओरखडाही नको. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नांदेडला भेटायचं ठरलं.

दसऱ्याला सकाळी त्यानं ती व्हॅन खोक्यातून काढून टेबलावर ठेवली, अमृतरावांना फोटो पाठवला आणि झेंडू आणायला बाजारात गेला. त्याच्या आई नागाबाई अंगणात गाड्या पूजत होत्या. स्कूटर झाली, सायकल झाली. मग आत टेबलाकडे लक्ष गेलं. गाडी म्हटल्यावर ती तेवढी कशी वगळायची? त्यांनी ती ओल्या फडक्यानं पुसली, हळद-कुंकू कालवून टपावर बोटं ओढली, पुढच्या चाकाखाली लिंबू धरलं आणि रीतीप्रमाणे गाडी त्यावरून दाबून नेली. लिंबू काही फुटलं नाही. चाकाचा आस वाकला.

"आई, हे काय केलंस?" झेंडू घेऊन परतलेल्या दयानंदनं विचारलं.

"पूजा केली. उद्या नांदेडला नेणार हायेस न्हवं?"

"अगं, हिच्यात कुणी बसत न्हाई!"

"न बसंना. गाडी हाय का न्हाई?"

त्यानं व्हॅन हातात घेतली. कापसानं कुंकू पुसायला गेला, तर व्हॅनवर रंगवलेलं पाववाल्याचं निम्मं नाव कापसावर आलं. शेवटी त्यानं अमृतरावांना फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं.

"वाईट वाटून घेऊ नका दयानंदराव, पण आता न्हाई जमायचं."

नागाबाईंनी त्याच्या हातातला फोन ओढून घेतला. "काय हो, दसऱ्याची पूजा झालेली गाडी नको म्हणता? बिनपूजेची पाहिजे व्हय तुम्हाला?"

"काकू, तुमचं बरोबर हाय..."

"मग घ्या की!"

"...पण न्हाई घेत."

दयानंदनं फोन परत घेऊन उलट अमृतरावांचीच माफी मागितली.

पुढच्या आठवड्यात निळी व्हॅन हैदराबादच्या कुणाकडे तरी गेली. हे त्यानं मला आमच्या फाटकाशी उभं राहून, दात आवळत सांगितलं. आत बोलावलं तरी आला नाही.

"आमच्या घरी आलात तर काढू नका सर हा विषय," तो म्हणाला. "आई म्हणंल, त्या हैदराबादवाल्यानं चाकाखाली लिंबू ठेवलं का, इचार त्याला."