एक ग्लास कमी

सुशीलकाका रणदिवे म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. रेल्वेत शंटिंगला, डबे जोडण्या-सोडवण्यात, सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर मरोदा वस्तीतलं घर सोडून बायकोसोबत, म्हणजे आमच्या ताराकाकूंसोबत, हुडको वसाहतीत राहायला आले. नागपूरकडून आलेल्या आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांचं लहानसं चर्च तिथेच आहे. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं, येशूनं दिलेल्या क्षमेची खूण म्हणून सगळ्यांनी पाव आणि रस घ्यायचा, आणि त्याची तयारी वर्षानुवर्षं काकांकडे. काळे मनुके उकळून रस गाळायचा, पावाचे तुकडे करायचे, बोटभर उंचीचे ग्लास भरून ट्रेमध्ये लावायचे, मग ट्रे फिरवायचा. "किती सालस माणूस!" म्हणायचं आणि काम त्यांच्यावर ढकलून मोकळं व्हायचं, ही आमची भक्ती.

मागच्या डिसेंबरात त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून शनिवारी दुपारी मी मदतीला गेले. आमची माणसं मोजकी, कोण येणार हे तोंडपाठ. ग्लास भरून झाले आणि माझा हिशेब चुकला.

"काका, एक ग्लास कमी आहे."

"नाई. बराबर हाय."

"बरोबर कसं? तुमचा धरलात का?"

"माहा कधीच नसते."

मला आधी थट्टाच वाटली. मग आठवलं की ट्रे फिरवणारा सगळ्यांत शेवटी, मागच्या भिंतीपाशी उभा राहून घेतो. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, सगळ्यांचे डोळे मिटलेले. बघणार कोण?

"पण का, काका?"

त्यांनी एक रिकामा ग्लास पुसायला घेतला.

"आमची पोरगी निशा झाली तवा तारा दवाखान्यात होती. तिची माय नागपूरहून आलती, घरी एकटी. थंडी लय होती. मी नाइट डुटीले जातानी कोळशाची सिगडी तिच्या खोलीत ठेवली. खिडकी लावली. वारा येऊ नये म्हणून दाराखाली पोतं कोंबलं. सकाळी आलो तं सिगडी इझली होती. आन् माय बी."

माझ्या हातातला ग्लास सुटला. बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"मले मालूम होतं," काकाच म्हणाले. "बापानं लहानपणीच सांगतलं होतं. पण डुटीची घाई होती. तारानं माफ केलं. येशूनं बी केलं, मानतो मी. पण मले नाई जमत. या हातानं तो ग्लास उचलवत नाई."

त्याच हातांनी त्यांनी आम्हा सगळ्यांना इतकी वर्षं क्षमा वाटली होती! मी काचा गोळा करत बसले.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळी तडक ताराकाकूंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्या मेथी निवडत होत्या. त्यांनी जुडी बाजूला ठेवली. नवरा प्रभुभोजन घेत नाही, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"मी तं त्याच हिवाळ्यात माफ केलं होतं वं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. कशाला बोलले असं मला झालं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "कोणाच्या मनात कोणाविषयी काही असेल, तर आधी समेट करा, मग या मेजाजवळ या." आम्ही नेहमीप्रमाणे माना खाली घातल्या. काका ट्रे घेऊन निघाले. काकूंनी पावाचा तुकडा घेतला, ग्लास घेतला आणि दोन्ही हातात धरून तशाच बसून राहिल्या. ट्रे रिकामा झाला, काका मागच्या भिंतीपाशी पोचले. तेव्हा काकू उठल्या.

"पाळकसाहेब, आमचा समेट राहिला हाय."

सगळ्या माना गर्रकन वळल्या. चर्चमध्ये काकूंचा आवाज आम्ही फक्त गाण्यात ऐकलेला. त्या सरळ मागे चालत गेल्या.

"माय माही मेली. मी माफ केलं. ज्यानं तुमच्यासाठी क्रुसावर जीव देला, त्यानं बी केलं. मंग तुमी का त्याच्याहून मोठे जज्ज झाले?"

"तारा, लोक पाहून राहिले..."

"पाहू द्या. तुमी ते सारं भुलले असते तं मी माफ केलंच नसतं. पण एवढी वर्षं सजा भोगतच राहिले, तं माह्या माफीले काय अर्थ?"

पाळकसाहेब पुस्तक हातात धरून नुसते उभे. काकांनी रिकाम्या ट्रेकडे पाहिलं आणि लहान पोरासारखे रडत म्हणाले, "घेतो. पण माहा ग्लास नाई ना. मी भरलाच नाई."

काकूंनी आपल्या पावाचा तुकडा मोडला, अर्धा त्यांच्या तळहातावर ठेवला. मग आपला ग्लास पुढे केला.

"हा घ्या. अर्धा मले ठेवा."

त्या बोटभर ग्लासात असतो तरी किती रस! काका एक घोट प्याले आणि उरलेला काकूंना दिला.