पांढरं कार्ड

कुठलाही बिघडलेला संगणक समोर आला की तो आधी डब्याला कान लावायचा. मोटारवाले इंजिनाला लावतात ना, तसा. आपण काही सांगायला गेलो की बोट वर करायचा, "थांबा जी, आयकून राहिलो." मग ठरलेलं वाक्य, "पहिले नक्कल, मंग अक्कल." म्हणजे खराब फाईलची प्रत काढायची आणि डोकं त्या प्रतीवर चालवायचं, मूळ फाईलला हात लावायचा नाही. मला तेव्हा हसू यायचं. आता येत नाही.

गोंदियाच्या बाजारात त्याचं संगणक दुरुस्तीचं चिमुकलं दुकान होतं. मी ज्या संस्थेत काम करते ती गावोगावी सिकलसेल या आनुवंशिक आजाराची रक्ततपासणी करते, आणि आमच्या सगळ्या नोंदी एकाच जुन्या संगणकात. एका दसऱ्याला आम्ही त्या संगणकाची यथासांग पूजा केली आणि अक्षता पंख्यात गेल्या. त्यानं चिमट्यानं एकेक दाणा वेचला. "धानाचा जिल्हा आहे, कबूल. पण मशीनले भात कायले चारता?" आमच्याकडून त्यानं कधी मजुरी घेतली नाही. आम्ही त्याला थोडा खुळाच समजत होतो.

तुम्ही आमच्या भागातले नसाल तर कार्डांचं सांगायला हवं. रक्तात दोष नसेल तर पांढरं, दोष नुसता वाहून नेणाऱ्याला पिवळं, आजार असलेल्याला लाल. नवराबायको दोघंही पिवळे असले तर लेकराचं लाल निघू शकतं. म्हणून इकडे सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी कार्ड मागतात.

लग्नसराईच्या तोंडावर नोंदी भरता भरता वीज गेली आणि त्या नोंदींची फाईल उघडेना. तो आला, कान लावला, प्रत काढली. दुपारपर्यंत फाईल उघडली. नावं दिसली, गावं दिसली, आमचे डॉक्टर खूश. त्याचा चेहरा मात्र उतरलेलाच.

"उघडली म्हणजे सुधरली असं नसते, साहेब. आज छापू नका."

"लोक खोळंबलेत रे बाबा," डॉक्टर म्हणाले. तो जेवायला गेला, तेवढ्यात चिचगडकडची कार्डं छापून गाडीनं रवानासुद्धा झाली.

परत आल्यावर तो माझ्या शेजारी बसला. "वळखीचं एखादं नाव काढा, मॅडम." मला पटकन सुचेना, तर त्यानं स्वतःच एक नाव टाईप केलं. आडनाव त्याचंच होतं. पडद्यावर निकाल आला: दोष नाही.

तो पाहत राहिला. "माहा पोरगा जी. लाल कार्डवाला. गेला तवा आठवीत होता." मग अगदी हळू, "या फाईलनं त्याले बरं करून टाकलं."

मजुरी का घेत नाही ते मला तेव्हा कळलं.

नावं एका तक्त्यात होती, निकाल दुसऱ्यात. मधल्या काही ओळी गळल्या होत्या आणि खालची नावं भलत्याच निकालांवर सरकली होती. जपून ठेवलेल्या मूळ फाईलची नवी प्रत काढून त्यानं सगळं पुन्हा जुळवलं. फाईल खरोखर सुधरली. कार्डं सुधारायला आम्ही दोघं चिचगडला गेलो.

चुकून पिवळं मिळालेल्यांनी झटकन बदलून घेतलं. पण पांढरं कार्ड कोण खुशीनं परत देणार? तरी हातापाया पडून एक सोडून सगळी मिळाली. उरलेलं कार्ड ज्या मुलीचं होतं तिचा खरा निकाल पिवळा होता, तिचं लग्न ठरलं होतं, आणि नवऱ्या मुलाचं कार्डही पिवळं होतं. तिच्या बापानं आम्हाला चहा पाजला.

"कम्प्युटरनं देलं ना? मंग कायले वापस मांगता?"

"मीच सुधरवला तो कम्प्युटर, दादा. खोटं बोलून राहिला होता." मग त्यानं आपल्या पोराचं सांगितलं, दुखणं उठलं की तो कसा ओरडायचा तेही. बाप मान खाली घालून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "पोरीचं लगन मोडू नका, भाऊ." दाराआड पोरगी उभी होती. पुढे महिन्याभरात तिचं लग्न झालंच.

त्यानंतर त्याचा अधूनमधून फोन यायचा. "ते कार्ड आलं का जी?" मला त्या प्रश्नाची धास्तीच बसली. गेल्या वर्षी झोपेतच तो गेला. खूप रडले मी, पण खोटं कशाला बोलू, आता तो फोन येणार नाही म्हणून थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

परवा एक तरुण बाई लेकराला घेऊन माझ्या टेबलापुढे बसली. लेकराच्या हातापायांची बोटं सुजलेली, सारखी किरकिर. मी काही विचारायच्या आत तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये मढवलेलं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर सरकवलं. पांढरं.

"ते भाऊ नाही आले का आज?" ती म्हणाली. "त्याइले हे वापस पाहिजे होतं."