मावशीला न उघडणारी आईची वेबसाइट

“ताई, मधे भिंत आली तरी इंटरनेट एकच ठेवू,” घराची वाटणी झाली तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला होता. मला फार बरं वाटलं होतं. राउटर आजही त्याच्याच बैठकीत आहे.

माझ्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी एक छोटी वेबसाइट चालवते. आई गेली, पण तिच्या गप्पा मी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. दर रविवारी त्यातली एक टाकते, झाशीबाहेरच्या नातेवाइकांसाठी.

आज सकाळी मावशीचा फोन आला. “दिवाळीपासून उघडत नाही गं. वाटलं, तूच बंद केलीस. विचारायचा धीर होईना.”

माझ्याकडे तर रोज उघडत होती! मग लक्षात आलं, घरातल्या घरात ती उघडणारच. बाहेरच्यांना मात्र राउटरमधूनच यावं लागतं; तिथली वाट बंद केली, की त्यांना उघडत नाही. तशीच भावाकडे गेले.

“हाँ ताई, वो तो मैंने ही बंद किया था. माझ्या मीटिंगा अटकत होत्या.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू रडली असतीस.”

आणि हाच दर रविवारी मला विचारायचा, “आज आईचं काय टाकलंस?” मी हौसेनं त्याला ऐकवायचे. बाहेर कोणीच ऐकत नाही, हे त्याला माहीत होतं.

हे मी ज्या ग्रुपमध्ये लिहितेय, त्यात तोही आहे. बाळा, तू नाहीच म्हणशील. तरी सगळ्यांसमोर मागते: रविवारी सकाळी तासभर ती वाट उघडून दे. मावशीला तिच्या बहिणीचा आवाज ऐकायचा आहे.