पत्र्याचा बेडूक आणि सहा दावे

आमच्या ऑफिसात फायली बंद होतात, किस्से बंद होत नाहीत. फाईल कपाटात गेली की तिचं काम संपतं, पण चहाच्या वेळी कुणीतरी नुसतं "बेडूक" म्हणतं आणि हसायला सुरुवात होते. बाहेरचा माणूस बसलेला असेल तर तो बिचारा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. मग त्याची दया येऊन कुणीतरी पहिल्यापासून सांगायला लागतं. आज ते काम माझ्याकडे आलंय.

ऑफिस इंदिरानगरमध्ये, पेटंटचे अर्ज करून देण्याचं. माणसं तीन. मालक गायधनी साहेब. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झाले, घरी बसवेना, म्हणून पेटंट एजंटची परीक्षा देऊन मोकळे झाले. ज्योती आकृत्या काढते. मी अर्जाचा मजकूर लिहिते, म्हणजे साध्या माणसाने साध्या भाषेत सांगितलेलं त्याचं त्यालाच ओळखू येणार नाही असं करून ठेवते.

आणि चौथे कदम सर. ते ऑफिसचे नव्हेत, पण आता ऑफिसचेच. निफाडकडच्या एका शाळेत पीटीचे शिक्षक. पोरांना लांब पल्ल्याचं धावणं शिकवतात. धावणारा थकला की कमरेतून वाकतो आणि त्याचा वेग जातो. म्हणून सर मैदानाच्या कडेला उभे राहून "कंबर! कंबर!" असं ओरडायचे. ओरडून ओरडून घसा असा बसला की डॉक्टरांनी ओरडणं कायमचं बंद केलं.

मग सरांनी एक पट्टा बनवला. तो कमरेला बांधायचा, पाठीच्या बाजूला आत पत्र्याची एक पट्टी. कंबर वाकली की पट्टी वाजणार, टक! बॅटरी नाही, वायर नाही. पट्टे सर घरीच बायकोच्या शिलाई मशीनवर शिवायचे, त्यामुळे पोरं जास्त आणि पट्टे कमी. अंबडचा एक कारखानदार हवे तेवढे बनवून द्यायला तयार होता, पण त्याचं म्हणणं, आधी पेटंट आणा. पेटंट नाही तर पट्टे नाहीत, आणि सरांना तर ओरडताही येत नाही. असे सर आमच्याकडे आले.

*

पहिल्या दिवशी मी विचारलं, आत नेमकं काय आहे?

सर म्हणाले, "बेडूक."

जत्रेत मिळतो ना पत्र्याचा बेडूक, पोटावर दाबला की टक टक करणारा, तोच. त्याचं पोट कापून ते सरांनी पट्ट्यात शिवलं होतं. मी मान हलवली आणि तो बेडूक पेटंटच्या भाषेत बसवायला घेतला. आठवडाभराने सर मसुदा वाचायला आले. "पूर्वनिर्धारित कोनापलीकडे वाकवली असता एका स्थिर अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाऊन ध्वनी निर्माण करणारी वक्र धातुपट्टी" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. तिसऱ्यांदा वाचलं.

"छान लिहिलंय मॅडम," ते बसक्या आवाजात म्हणाले. "पण यात बेडूक कुठंय?"

*

पेटंटच्या अर्जात शेवटी क्लेम्स असतात. माझ्या शोधात नवीन काय, याचे मुद्दे. मराठीत त्याला दावे म्हणतात. इथंच सगळं बिघडलं.

मसुदा पक्का झाल्यावर मी सरांच्या घरी फोन लावला. उचलला अण्णांनी, म्हणजे सरांच्या वडिलांनी. द्राक्षाचा बाग करणारा, कानाने तिखट माणूस. मी सांगितलं, सरांचे सहा दावे तयार आहेत, सही करायला पाठवा.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"सहा?" अण्णा म्हणाले. "भावकीत का बाहेर?"

मी खूप समजावलं. कुणाशी भांडण नाही, पट्ट्याचे दावे आहेत. अण्णांचा विश्वास बसेना. तरुणपणी बांधावरून त्यांनी एकच दावा लढला होता आणि त्यातच केस पांढरे झाले होते. "मला नका सांगू ताई," ते म्हणाले. "पोरगं माझ्यापास्नं लपवतंय. सहा म्हंजे लय झाले." त्या हंगामात आमच्याकडे द्राक्षांचा क्रेट आला, वर चिठ्ठी: वकील साहेबांना, तारीख लवकर लावावी.

*

दुसरा घोळ 'प्रायर आर्ट'चा. आपल्या शोधाआधी जगात त्यासारखं जे काही होतं, त्याला इंग्रजीत असं म्हणतात. गायधनी साहेबांनी सरांना फोनवर घाईघाईत सांगितलं, "उद्या येताना प्रायर आर्टचं जे काही असेल ते घेऊन या."

दुसऱ्या दिवशी कदम सर आले ते शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना घेऊन. आर्टचं आपल्याला जमत नाही, आपण पीटीचे, असं त्यांचं म्हणणं. ते चित्रकला शिक्षक फार सज्जन. आले तसे बसले, चहा प्याले आणि ज्योतीने काढलेली धावणारीची आकृती बारकाईने बघून म्हणाले, हिला डोळे का नाहीत?

ज्योतीने सांगितलं, पेटंटमध्ये चेहरा लागत नाही.

"मग ती धावते कुठं बघून?" असं विचारून ते उठले, पण त्यांचा जीव काही शांत झाला नाही.

*

पट्ट्याचा अनुभव स्वतः घेतल्याशिवाय मी बाजू मांडणार नाही, असं गायधनी साहेबांनी जाहीर केलं. साहेबांचं पोट आणि वय दोन्ही बघता मी आणि ज्योतीने त्यांना परावृत्त करायचा प्रयत्न केला. पण वीज केंद्रातला माणूस, मशीन चालवून बघितल्याशिवाय ऐकणार नाही. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर पट्टा बांधून निघाले.

टक. टक. टक. टक. प्रत्येक पावलाला. पुढे चालणारे सायकल आली समजून बाजूला व्हायला लागले. साहेब दमून थांबले, तर थांबल्यावरही टक. शेवटी बाकावर बसलेल्या एक आजी काळजीने म्हणाल्या, "अहो, घरी जा. तुमचं आतलं काहीतरी निखळलंय."

*

मग पेटंट कचेरीतून पहिला रिपोर्ट आला. त्याचं नाव 'फर्स्ट एक्झामिनेशन रिपोर्ट', आणि त्यात बहुतेक वेळा हरकतीच असतात. आम्हाला सवय आहे. सरांनी मात्र स्टाफरूममध्ये इमानदारीत सांगितलं की एक्झामिनेशनचा रिपोर्ट आलाय आणि काही खरं नाही. दुपारपर्यंत शाळाभर झालं, कदम सर परीक्षेत नापास. पाचवीतल्या एका मुलीने येऊन सांगितलं, "सर, माझंपण गणित राहिलं होतं. पुढच्या टायमाला निघतं."

हरकत मात्र जड होती. परदेशात आधीच एक बॅटरीचा पट्टा होता, वाकलं की धावणाऱ्याच्या कमरेला थरथर जाणवायची. आणि वाजणारा बेडूक तर जत्रेत मिळतोच. ही दोन्ही एकत्र करणं त्या विषयातल्या कुठल्याही जाणकाराला सहज सुचलं असतं, यात शोध कसला?

सरांनी ते ऐकलं. "त्या विषयातला जाणकार मीच ना?" ते म्हणाले. "मला सहज सुचलं असतं तर घसा कशाला बसवला असता?"

साहेब म्हणाले, हेच लिहून टाका. मी ते कायद्याच्या भाषेत लिहिलं आणि त्यातला जीव गेला. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

*

याच काळात सरांची यमुना एकदम सुधारली. सुरगाण्याकडची पोरगी, शाळेच्या वसतिगृहात राहणारी, सरांची सगळ्यात लाडकी धावपटू. पट्टा बांधून मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या मारायची आणि एकही टक नाही. सर आनंदाने आम्हाला फोन करून सांगायचे. मग एक दिवस तिच्या पट्ट्यातून घडी केलेला रुमाल पडला. तिने बेडकाचं तोंडच बंद करून ठेवलं होतं.

सर रागावले नाहीत, नुसतं का म्हणून विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, "तुमालाच नाय सर, आख्ख्या ग्राउंडला ऐकू जातं. माला लाज वाटं."

सरांनी हे आम्हाला हसत सांगितलं. आम्हीही हसलो. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात त्या दिवशी काही शिरलं नाही.

*

शेवटी सुनावणी. आता ती व्हिडिओवर होते. निकाल देणाऱ्या पेटंट कचेरीतल्या मॅडम मुंबईत, आम्ही इंदिरानगरमध्ये. मी फोनवर सरांना "सुनावणीची तारीख" असं म्हटलं आणि ते अण्णांनी ऐकलं. पोराला तारखेला एकटं पाठवायचं नाही म्हणून अण्णा पांढरं धोतर, कोट, टोपी अशा थाटात हजर. साहेबांनी त्यांना स्क्रीनसमोर अगदी पुढे, बाजूच्या खुर्चीत बसवलं आणि काही बोलू नका म्हणून हात जोडले. सर त्यांच्या मागे, आमच्यात. दाखवायला सांगितलं तर असावा म्हणून सर पट्टा कोटाच्या आत बांधूनच आले होते.

साहेबांनी चांगली बाजू मांडली. पण मॅडमनी प्रत्येक मुद्दा शांतपणे बाजूला काढला. बॅटरी नाही, ठीक आहे. स्वस्त आहे, ठीक आहे. पण काम तेच ना? वाकल्याचं धावणाऱ्याला कळतं, ते त्या पट्ट्यातही कळत होतं. वेगळं काय घडतं ते सांगा.

टक.

"कुणी पेन वाजवतंय का?" मॅडम म्हणाल्या. "प्लीज बंद करा."

साहेबांनी पुन्हा सुरुवात केली, पण त्यांचा सूर गेला होता. वेगळं काय घडतं हे आमच्याकडे कागदावर कुठंच नव्हतं. मी सरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. अंबडचा कारखाना, पोरांचे पट्टे, सगळं चाललंय हे त्यांना कळलं होतं आणि माणूस खुर्चीतल्या खुर्चीत खचत होता. मला इतकं भरून आलं की मी पाण्याचा ग्लास उचलून नुसता धरून ठेवला.

टक. टक.

"ताठ बस की रे!" अण्णा एकदम कडाडले. मान वळवली नाही, काही नाही. "मॅडमपर्यंत ऐकू जातंय!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. मॅडम स्क्रीनच्या जवळ आल्या. हे कोण, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी सांगितलं, अर्जदाराचे वडील, माफ करा, ते मध्ये बोलणार नव्हते.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आजोबा, तुमचा मुलगा वाकला हे तुम्हाला कसं कळलं?"

"वाजलं की."

"तुम्ही त्यांच्याकडे बघत होतात?"

"नाय," अण्णा म्हणाले. "मी तर तुमच्याकडं बघत होतो."

मॅडमनी खाली बघून बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग त्या म्हणाल्या की परदेशातला पट्टा फक्त बांधणाऱ्याला सांगतो, हा लांबच्या माणसालाही सांगतो, एवढं दाव्यात स्पष्ट लिहून द्या, हरकत मी सोडते. आणि स्क्रीन बंद करायच्या आधी त्या स्वतः खुर्चीत जरा ताठ बसल्या, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं.

अण्णा तोवर फोन काढून गॅलरीत गेले होते. कदम सर त्यांच्या मागून धावत गेले. त्यांनी नुसते अण्णांचे पाय धरले, आणि वाकताना अर्थातच टक.

फोनवर भावकीतलंच कुणीतरी होतं. पोराच्या डोक्यावर एक हात ठेवून अण्णा सांगत होते:

"जिंकलो रे, साही दावे जिंकलो. समोरची पार्टी तारखेला आलीच नाय."