आलमबागच्या चाचांचे थांबे

पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांना रोज चालण्याने गुण येतो का, हे आम्ही लखनौत तपासत होतो. त्यात एक चाचा होते, गळ्यापर्यंत बटणं लावून येणारे. आलमबागच्या बाजारात पोटऱ्या भरून आल्या की ते कुठल्याही दुकानापुढे थांबायचे आणि ऐटीत बांगड्यासुद्धा न्याहाळायचे. दुखतंय हे कुणाला कळू द्यायचं नाही!

तीन महिन्यांनी चाचांची थांब्यांची नोंदवही पाहिली. थांबे पूर्वीइतकेच, चार. माझा चेहराच पडला.

"दर्द से एक भी नहीं, बिटिया," चाचा खुदकन हसले. "अब सीधे निकल जाऊँ तो दुकानवाले बुरा मानते हैं. चाय पिलाकर ही छोड़ते हैं."

फॉर्ममध्ये मी शून्य लिहिलं. आणि नियम मोडून समासात: चहा, चार वेळा.